देव्हाऱ्यातला दुसरा खंडोबा

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे दोन टाक होते. पहिला नेहमीसारखा, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला: घोड्यावर देव, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं. दुसरा गोल, जाड आणि तांब्याच्या पाटीत जडवलेला. त्यावर एकटाच घोडेस्वार होता. हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापेखाली चिरडलेलं काहीतरी. आजी म्हणायची, ते मणी-मल्ल. पालीचा खंडोबा आमचं कुलदैवत. त्यामुळे घोड्यावर बसलेला देव म्हटल्यावर तो दुसरा कुणी असेल, असं घरात कधी कुणाच्या मनात आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे देव परातीत निघत. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन आम्ही पोरं पडवीत बसायचो. गोल टाक मी हट्टानं मागून घ्यायचो, कारण तो मुठीत भरायचा. वर्षानुवर्षं घासून घोड्याचं तोंड सपाट झालं होतं, स्वाराचे नाक-डोळे पुसून गेले होते. कडेला शेंदराचा आणि मेणाचा थर साचला होता, तिथं मात्र आजी हात लावू देत नसे. "कडंला घासू नगं, पाटी सुटंल," एवढंच म्हणायची. तिच्या त्या एका वाक्यामुळे पुढचं सगळं वाचलं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

आजी गेल्यावर २००६ साली भावाभावांच्या वाटण्या झाल्या. देव थोरल्या काकांकडे गेले. एका घराला खंडोबाचे दोन टाक कशाला, म्हणून दुसरा टाक मोडीच्या चांदीत धरला गेला. तालुक्याच्या पेठेत सोनारानं तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "पाटीतनं मोकळा केल्याशिवाय वजन सांगता येणार नाही." त्यानं फुंकणीनं डाख वितळवला, चिमट्यानं गोल तुकडा अलगद उचलला आणि पालथा करून माझ्यासमोर धरला.

मागच्या बाजूला दाढीवाल्या राजाचा मुखवटा होता. देवाची बाजू इतकी झिजलेली आणि राजाची बाजू काल टाकसाळीतून निघाल्यासारखी. ऐंशी वर्षं तिला ना हवा लागली होती, ना चिंच. दाढीचे केससुद्धा मोजता आले असते. सोनारानं कसाला लावून पाहिलं. "चांदी अस्सल आहे. पण हा देव नाही. हा बिल्ला आहे, लढाईचा."

त्या दिवशीच्या भावानं त्याची जी किंमत झाली, ती माझ्या वाट्यातून वजा करायला सांगून मी तो खिशात घातला. कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की ज्याला इतकी वर्षं नमस्कार केला, तो कोण हे कळल्याशिवाय त्याला मुशीत जाऊ देऊ नये.

पुढच्या काही आठवड्यांत वाचून, विचारून जे कळलं ते असं. हे पदक पहिल्या महायुद्धाचं. १९१९ साली ते ठरलं आणि १९१४ ते १९१८ या काळात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात लढलेल्यांना वाटलं गेलं. व्यास ३६ मिलिमीटर, वजन अडीच तोळ्यांहून थोडं जास्त. एका बाजूला पाचवा जॉर्ज. दुसऱ्या बाजूचा घोडेस्वार म्हणजे इंग्रजांचा संत जॉर्ज. घोड्याच्या टापेखालचे मणी-मल्ल म्हणजे शत्रुराष्ट्रांच्या गरुडाची ढाल आणि कवटी-हाडं. वर विजयाचा सूर्य उगवताना दाखवला आहे. आमच्या टाकावर त्या सूर्याचा नुसता उंचवटा उरला होता आणि आजी त्यालाच भंडाऱ्याचा टिळा लावत असे.

आजीला कुणी अडाणी म्हणू नये. परक्या धातूत आपला देव ओळखायची आपल्या लोकांची रीत फार जुनी आहे. पुतळ्यांची माळ घ्या. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला प्रमुख कोरलेला असे. व्यापाराबरोबर ती नाणी इकडे आली, आणि त्यांवर माणसांच्या आकृत्या दिसल्या म्हणून आपण त्यांना पुतळ्या म्हणालो. पुढे सोनार त्याच घाटाच्या पुतळ्या घडवू लागले, आणि कितीतरी लग्नांत त्या गळ्यात पडल्या. व्हेनिसच्या संताची पुतळी होऊ शकते, तर संत जॉर्जचा खंडोबा का होऊ नये?

पण या पदकाचं खरं मर्म राजात नाही आणि घोड्यातही नाही. ते कडेत आहे. साम्राज्याच्या त्या पदकांच्या जाडीवर, रुपयाला जिथं आऱ्या असतात तिथं, ज्याला पदक मिळालं त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसे मारून उमटवलेली असते. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून कडेचं मेण चार दिवस हळूहळू सोडवलं. भिंगाखाली बारीक रोमन अक्षरं दिसू लागली. आधी आकडे. मग 'सिपॉय', म्हणजे शिपाई. मग एक डाग, कारण कडी कापून पाटीत बसवताना तिथं डाख सांडला होता आणि नाव नेमकं त्याच्याखाली गाडलं गेलं होतं. नावाची शेवटची चार अक्षरं तेवढी दिसत होती. त्यापुढे स्वच्छ ठसा होता, ११७ मराठाज.

म्हणजे ११७ वी मराठा पलटण. तिचेच वारस आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत आणि त्यांचं केंद्र बेळगावात आहे. आमच्या घरातलं कुणीतरी त्या पलटणीत शिपाई होतं. वडिलांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "कुणीतरी जर्मनच्या लढाईत गेला होता, असं ऐकलंय." यापलीकडे काही नाही.

मग मी आत्याआजीकडे गेलो.

ती वडिलांची आत्या. तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि कराडच्या खाली कृष्णाकाठच्या एका गावी राहत होती. डोळ्यांनी अधू, पण स्मरण लख्ख. तिच्या पिढीला इसवी सनाची गरज नसे. प्लेगाचं साल, मानमोडीचं साल, दुष्काळाचं साल, अशी तिची दिनदर्शिका. मी पदक तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं अंगठा घोड्यावरून फिरवला आणि हसली.

"आरं बाबा, त्यो कुटला खंडोबा! त्यो माजा चुलता हाय."

चुलता म्हणजे माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. विशीतला पोरगा. भरतीवाला आला तेव्हा भाकरी टाकून उठला, असं ती म्हणाली. लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. मुंबईहून बोटीनं 'बसऱ्याला' गेला आणि परत आला नाही. हे सगळं तिला सांगितलं ते त्याच्या बायकोनं. ती बाई पुढे पन्नास वर्षं विधवा म्हणून त्याच घरात राहिली. आत्याआजी तिला काकी म्हणायची आणि लहानपणी तिच्याच कुशीत झोपायची.

काकीला तरी हे कुणी सांगितलं? तर पलटणीतला एक सोबती, नदीपलीकडच्या गावचा, लढाई सरल्यावर जिवंत परत आला होता. तो एकदा येऊन पडवीत बसला, पाणीही न पिता सगळं सांगून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. त्याचं सांगणं असं: आम्ही नदीच्या वळणावरच्या एका गावात अडकलो होतो. चारी बाजूंनी तुर्क. खायला काही नाही. साहेबानं घोडी मारायला काढली आणि म्हणाला हे खा. आमच्या लोकांनी मान हलवली. हातापायांची सालटं निघाली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तरी खाल्लं नाही. मग एक दिवस आकाशातून पिठाची पोती पडली. त्यांतली कितीतरी नदीत गेली.

लहानपणी ही गोष्ट मी ऐकली असती तर पोत्यांपाशी येऊन म्हटलं असतं, ही तर राक्षसाची गोष्ट. पण आत्याआजीनं त्या दिवशी सांगितलेली प्रत्येक ओळ इतिहासाच्या पानाला लावून बघता येते.

पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणी आखाताच्या टोकाशी फाओला उतरली. उतरणाऱ्या पहिल्या ब्रिगेडमध्येच ११७ वी मराठा पलटण होती. महिना सरण्याआधी बसरा हाती आलं. मग तायग्रिस नदीच्या काठाकाठानं फौज वर सरकत राहिली आणि १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तिचं पाऊल अडलं. जखमी फौज मागं फिरली ती कूत अल अमारा या गावात शिरली. गाव नदीच्या वळणात आहे, तीन बाजूंनी पाणी. ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला. ११७ व्या पलटणीबरोबर १०३ आणि ११० या मराठा पलटणीही आत होत्या. एका छोट्या गावात सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर या भागांतली इतकी माणसं कोंडली गेली होती.

घोड्याच्या मांसाची गोष्ट तंतोतंत खरी आहे. हिंदी शिपायांनी ते नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवून ती वाचून दाखवली गेली, तरी बहुतेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत हात लावला नाही. गावी परत गेल्यावर आपल्याला पंक्तीत कोण बसवील, ही त्यांची भीती होती. हिरड्यांचा रोग म्हणजे स्कर्व्ही, आणि तो हिंदी शिपायांत गोऱ्यांपेक्षा फार जास्त पसरला. पिठाची पोतीसुद्धा खरी. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून वेढ्यातल्या सैन्याला अन्न टाकलं गेलं आणि त्यातलं बरंच तायग्रिसमध्ये पडलं. वेढलेल्या फौजेला आकाशातून रसद पोचवायचा जगातला तो अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला, जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. शिपायांना वाळवंटातून चालवत मोसुलच्या पुढे नेलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास अल ऐन या ठिकाणी रेल्वेच्या कामावर जुंपलं. किती जण वाटेतच राहिले.

निरक्षर विधवेनं निरक्षर पुतणीला सांगितलेली गोष्ट नव्वद वर्षं जवळजवळ जशीच्या तशी टिकली होती. म्हाताऱ्यांच्या गोष्टी आपण कौतुकानं ऐकतो आणि तिथंच सोडून देतो. त्या पुरावा म्हणून ऐकायला हव्यात, हे मी त्या पडवीत शिकलो. चूक एकाच ठिकाणी होती. आत्याआजी म्हणाली, "राजानं सवताच्या हातानं बिल्ला दिला." तसं काही झालेलं नाही. पदकं युद्ध संपल्यावर काही वर्षांनी सरकारी वाटेनं वारसांना पोचली. पण त्या एका ओळीखातर बाकीची साक्ष खोटी ठरवायची नसते.

"आनि बाकीचं?" मी विचारलं. कारण १९१५ साल उलटण्याआधी रणात गेलेल्या शिपायाला एकूण तीन पदकं मिळत. चांदीचं हे एक, ब्राँझची चांदणी एक आणि पंखांच्या विजयदेवीचं ब्राँझचं तिसरं.

"चांदनी पोरांनी खेळून हरवली. पंखाची बाई व्हती, ती मोडीत गेली. पितळंचं म्हनून." मग थोडं थांबून म्हणाली, "थाळी हाय माज्यापाशी."

तिनं सुनेला माळ्यावरची पेटी काढायला लावली. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, तळव्याएवढी, जवळजवळ बारा सेंटिमीटरची जड ब्राँझची चकती बाहेर आली. तिच्यावर त्रिशूळ धरलेली ब्रिटानिया, पुढे सिंह, बाजूला दोन डॉल्फिन. ब्रिटानियाच्या हातातल्या पुष्पचक्राखाली एक चौकट आणि चौकटीत उठावाच्या अक्षरांत एक नाव. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवण्यासाठी अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या ओतल्या गेल्या. इंग्लंडात लोक तिला मेलेल्या माणसाचा पेनी म्हणत. तिच्यावर हुद्दा नसतो. लॉर्ड असो की शिपाई, नुसतं नाव, कारण मरणात सगळे सारखे, असा त्यामागचा विचार होता. हुद्दा नाही, क्रमांक नाही, पलटण नाही. त्यामुळे नुसत्या चकतीवरून माणूस शोधता येत नाही. आणि माझ्याकडच्या पदकावर क्रमांक आणि पलटण होती, पण नाव डाखाखाली गाडलेलं होतं.

मी दोन्ही शेजारी ठेवली. पदकावरची शेवटची चार अक्षरं चकतीवरच्या नावाच्या शेवटाशी जुळली. आमच्या आडनावातल्या 'ड'चा कारकुनानं 'र' केलेला होता. दोन्हीकडे तोच 'र'. वाटण्यांत दोन घरी गेलेला एक माणूस मी आत्याआजीच्या मांडीवर पुन्हा एक झालेला पाहिला. तिला अक्षरं दिसत नव्हती. तिनं उठावाच्या नावावरून बोट फिरवत ते मोठ्यानं म्हणायला मला सांगितलं. मी म्हणालो. घरात ते नाव उच्चारल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

मग तिनं शेवटची गोष्ट सांगितली. कैद झालेल्यांचा पत्ता नव्हता. काकी तोवर कुंकू लावत होती. घरचे म्हणायचे पूस, ती म्हणायची बातमी कुठं आलीय. सोबत्यानं येऊन सांगितलं तरी ती म्हणाली, तुम्ही मरताना पाहिलंत का? त्यानं पाहिलं नव्हतं. एके दिवशी टपालानं ही थाळी आली. गावच्या मास्तरांनी वाचून सांगितलं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, असं लिहिलंय. ते ऐकून ती आत गेली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. थाळी तिनं उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात पालथी घातली आणि जिवंत असेपर्यंत ती उतरंड कुणाला उतरवू दिली नाही. पुढे बिल्ले आले. त्यांतला घोडेस्वाराचा तिनं स्वतः तालुक्याला नेऊन पाटीत जडवून आणला, राजाचं तोंड आत आणि घोडेस्वार वर. सासूला सांगितलं, नवसाचा टाक आहे. रोज सकाळी ती त्याला फूल वाहायची.

"तिला ठावं व्हतं," आत्याआजी म्हणाली. "मला येकलीला सांगितलं व्हतं."

पारतंत्र्यातल्या देशात एका विधवेच्या हाती स्वातंत्र्यासाठी मेल्याचं धातूचं प्रमाणपत्र देणारं ते साम्राज्य होतं. १९२० च्या १ ऑगस्टला गांधींनी बोअर युद्धाचं आणि झुलू युद्धाचं पदक आणि कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक व्हाइसरॉयला परत पाठवलं. आमच्या साताऱ्यात पुढे पत्री सरकार उभं राहिलं, आणि आमच्याच भावकीतले एक जण त्यात होते. १९७२ साली सरकारनं त्यांना ताम्रपट दिला, तो आजही दर्शनी भिंतीवर आहे. तो असायलाच हवा. पण त्या भिंतीवर राजाचा बिल्ला कुणी लावला असता? स्वातंत्र्यानंतर अशी पदकं पेट्यांच्या तळाशी गेली, पोरांच्या हाती गेली, सोनाराकडे गेली. सावकाराच्या देण्यासाठी, पोटासाठी किंवा गावात पत राहील म्हणून वीस वर्षांचा जो पोरगा पलटणीत गेला, तो राजाच्या तोंडामागे झाकला गेला. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. फक्त आता तरी नाणं पालथं करून बघावं, असं वाटतं.

क्रमांक आणि नाव हाती आल्यावर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत तो सापडायला अर्धा तास पुरला. मृत्यू १९१६ च्या ऑगस्टात, कैदेत. स्मारक: बसरा. मला वाटलं, म्हणजे बसऱ्याच्या दगडावर त्याचं नाव असेल. तिथं चाळीस हजारांहून जास्त मृतांचं स्मारक आहे, १९२९ साली उघडलेलं. पण त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा दिला. नावं कागदावरच्या यादीत ठेवली. २०२१ मध्ये आयोगानं स्वतःच्या चौकशीनंतर या भेदभावाबद्दल माफी मागितली. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण त्या युद्धात मेलेले हिंदी सैनिक सत्तर हजारांहून जास्त होते. साताऱ्यात मिलिटरी आपशिंग्यासारख्या गावांतून इंग्रजांनी संगमरवरी पाट्या लावल्या, या गावातून इतके गेले आणि इतके मेले. तिथंही आकडाच.

म्हणजे दगडावर कुठंच नाव नसलेल्या त्या शिपायाचं नाव आता धातूवर दोनच ठिकाणी उरलं आहे, आणि ती दोन्ही ठिकाणं वारसांच्या घरी आहेत. पंजाबच्या शिपायांची निदान जाडजूड रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात सापडली, तीन लाखांवर माणसांची, गावागावांसकट. आपल्याकडचं रजिस्टर देव्हारे, उतरंडी आणि पेट्या यांतच विखुरलेलं आहे.

माझं हे वाचून आणि ऐकून लोक आता आपापली पदकं घेऊन येतात. पहिला प्रश्न किमतीचाच असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी जे शिकलो ते सांगतो. चांदीचा भाव ही या पदकाची सगळ्यात खालची किंमत. चांदीची पदकं पासष्ट लाखांच्या घरात वाटली गेली, आणि तेच पदक ब्राँझमध्ये साधारण एक लाख दहा हजार, मजूरदळं आणि हमालदळांतल्या माणसांना. धातू हलका, पण संग्राहकाच्या दृष्टीनं ब्राँझचंच दुर्मीळ. आपल्या पणजोबांना 'नुसतं पितळेचं' मिळालं म्हणून ते फेकून देणारं घर मला माहीत आहे. कूतसारख्या वेढ्यातली पलटण, मृत सैनिक, तिन्ही पदकं आणि चकती एकत्र, मूळ फीत शाबूत असेल तर मोल वाढतं. कड घासून नाव पुसलेलं असेल, कडी कापलेली असेल, डाख लागलेला असेल तर ते कोसळतं. आमच्या पदकाला संग्राहकाच्या बाजारात फारसा भाव नाही, हे मला एका जाणकारानं स्वच्छ सांगितलं. १९७९-८० च्या सुमारास चांदी जगभर भडकली तेव्हा इंग्लंडातसुद्धा ही पदकं ढिगानं वितळवली गेली. म्हणून शाबूत कडेचं प्रत्येक पदक आता आधीपेक्षा मोलाचं आहे.

नक्कलही भरपूर. ओतून केलेली नक्कल ओळखायची तर मोजपट्टी लावा: धातू थंड होताना आकसतो म्हणून ती मूळपेक्षा किंचित लहान भरते. पृष्ठभागावर बारीक फोड दिसतात, कडेला साच्याची शीव दिसते, अक्षरांचे कोने बोथट असतात.

शेजारच्या गावच्या पाटलांकडचं पदक फारसी अक्षरांचं. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की हे मोगल बादशहानं दिलं. ते होतं १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारचं. एका बाजूला जॉर्ज आणि मेरी, दुसऱ्या बाजूला फारसीत त्याच जॉर्जचा गौरव. पदक खरं, चांदी खरी, पण दरबारची पदकं नाव न घालताच दिली जात. त्यामुळे ते पाटलांच्या पणजोबांचंच, हे फक्त पाटलांच्या घरची गोष्ट सांगू शकते. ती गोष्ट त्यांच्याकडून लिहून घेतली आणि पदकाबरोबर ठेवली.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. राम-लक्ष्मण-सीता किंवा मारुती कोरलेलं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ असं लिहिलेलं तांब्याचं 'नाणं' तुमच्या घरात असेल, तर ते कंपनीचं नाणं नाही. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलं नाही. ते फार नंतर बनवलेलं पूजेचं टोकन आहे. ते तांदूळ ओढून घेतं, परदेशी कंपनी त्याचे कोट्यवधी देते, असं सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा पकडल्या गेल्या आहेत. जमीन विकून त्यांच्या हाती पैसे दिलेली माणसं मी पाहिली आहेत. टोकन देव्हाऱ्यात ठेवा, पूजा करा, पण कुणी तपासणी-फी मागितली की दार लावून घ्या. नाण्याची शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथली माणसं शिकलेली आणि प्रामाणिक आहेत.

परदेशातून जास्त भाव मिळतो म्हणून पाठवायचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी बघा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाच्या पदकांची शंभर वर्षं आता भरली आहेत.

आत्याआजी २००९ मध्ये गेली. चकती तिनं मला दिली. पदक आणि चकती मी एका लाकडी पेटीत, कोरड्या सुती कापडात ठेवली आहेत. सोबत एक कागद आहे: नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, काकीची गोष्ट जशी आत्याआजीनं सांगितली तशी, तिच्याच शब्दांत. थोरल्या काकांच्या देव्हाऱ्यात आता खंडोबाचा एकच टाक आहे. दसऱ्याला मात्र काकू पेटी मागवून घेते, पदकाला न घासता नुसतं फूल वाहते आणि परत देते.

तुमच्याही घरी असं एखादं गोल, जड, अनोळखी नाणं असेल, देवांत, पेटीत किंवा बायकांच्या दागिन्यांत. घासू नका. सोनाराकडे न्यायच्या आधी भिंग घ्या आणि त्याची कड वाचा. आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई जिवंत असेल तर आजच तिच्याजवळ जाऊन बसा.